अमेरिकेतील अभियांत्रिकी प्रवेश : टक्केवारी विद्यापीठाची, दार शाखेचे

पुण्या-मुंबईत अभियांत्रिकी शिकलेल्या पालकांच्या मनात प्रवेशाचे एक ठाम चित्र असते : परीक्षेचे गुण, गुणवत्ता यादी आणि गेल्या वर्षीचा कटऑफ. सीओईपीत यंत्र शाखा कितीवर थांबली, व्हीजेटीआयमध्ये संगणक कितीवर, हे पाहिले की अंदाज बांधता येत असे आणि तो फारसा चुकत नसे. तीच पिढी आज सिअॅटल, डॅलस किंवा एडिसनमध्ये बारावीतल्या मुलासमोर बसते, तेव्हा कटऑफच्या जागी विद्यापीठाचा स्वीकृतिदर शोधते. शंभर अर्जांमागे किती जणांना होकार मिळाला, हे सांगणारा हा आकडा अभियांत्रिकीच्या बाबतीत बहुधा दिशाभूल करतो.

सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. तेथे एकंदर शंभरातील चाळीसच्या आसपास अर्जदारांना प्रवेश मिळतो. परंतु संगणकशास्त्र शिकवणाऱ्या अॅलन स्कूलमध्ये थेट प्रवेश मागणाऱ्या राज्यातील विद्यार्थ्यांपैकी साधारण एक चतुर्थांशच निवडले जातात, तर राज्याबाहेरच्यांपैकी शेकडा दोन ते चार. ज्यांना थेट प्रवेश मिळाला नाही, त्यांनी नंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर येऊ नये, असे ही संस्था स्वतःच सांगते. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारातही हीच स्थिती आहे. २०२३ मध्ये तेथील एकंदर स्वीकृतिदर सुमारे ४४ टक्के होता. संगणकशास्त्राचा मात्र दहाच्या खाली.

म्हणून पहिला प्रश्न ‘विद्यापीठ कोणते’ हा नसून ‘प्रवेश कशात मिळतो’ हा आहे. बर्कलेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अर्जदार थेट विशिष्ट शाखेसाठी स्पर्धा करतो आणि बाहेरून आत येण्याची वाट अतिशय अरुंद आहे. पर्ड्यूत सगळे जण आधी सामाईक पहिल्या वर्षात दाखल होतात आणि शाखा नंतर ठरते. संगणकशास्त्र मात्र तेथे अभियांत्रिकीत नसून विज्ञान महाविद्यालयात आहे, हे अनेकांना अर्ज भरताना कळते. टेक्सास ए अँड एममध्येही पहिले वर्ष सामाईक आहे, पण हवी ती शाखा निश्चित मिळण्यासाठी ३.७५ जीपीए लागतो. त्यामुळे प्रवेशाची स्पर्धा पहिल्या वर्षाच्या गणित आणि भौतिकीच्या वर्गात पुन्हा सुरू होते. याउलट एमआयटी विद्यार्थ्याला संपूर्ण संस्थेत घेते आणि शाखा त्याने नंतर निवडायची असते. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये याच संस्थेत दाखल झाले आणि १९२६ साली शंतनुराव किर्लोस्कर येथूनच यंत्र अभियंते झाले. आज तेथे शंभरातील जेमतेम चार-पाच जण निवडले जातात.

दुसरा घटक रहिवासाचा. महाराष्ट्रातील ‘होम युनिव्हर्सिटी’च्या जागा ज्यांना आठवतात, त्यांना हे लगेच उमगेल. जॉर्जिया टेकमध्ये जॉर्जियातील अर्जदारांपैकी सुमारे एक तृतीयांश निवडले जातात, बाहेरच्यांपैकी दहातील एक. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने राज्यातील शाळांच्या अव्वल विद्यार्थ्यांना प्रवेशाची हमी दिली. ऑस्टिनसाठी ती मर्यादा २०२६ पासून वर्गातील पहिल्या पाच टक्क्यांवर आली आहे. मात्र ही हमी विद्यापीठाची आहे, अभियांत्रिकी शाखेची नव्हे. वर्गात पहिली आलेली मुलगीही संगणक वा विद्युत शाखेला मुकू शकते. शुल्कातील फरकही मोठा : कॅलिफोर्निया विद्यापीठात बाहेरच्या नव्या विद्यार्थ्याला २०२५-२६ साठी सुमारे ३७,६०० डॉलर जादा भरावे लागतात.

एच-४ व्हिसावरच्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि मराठी घरांत त्याची चर्चा फार उशिरा होते. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत अटी पूर्ण केल्यास अशा मुलांना रहिवासी मानले जाते. पण एकविसाव्या वाढदिवशी अवलंबित्व संपते. तोवर ग्रीन कार्ड आले नसेल, तर बहुधा एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी पदवी सुरू करणाऱ्यासाठी हा दिवस शिक्षण अर्धवट असतानाच उजाडतो. व्हिसा बदलल्यावर शुल्काचा दर्जा टिकेल का, हे विद्यापीठाच्या रहिवास कार्यालयाकडून लेखी घेतलेले बरे. संघीय आर्थिक साहाय्य एच-४ वर मिळत नाही. अनेक खासगी विद्यापीठे या मुलांना आंतरराष्ट्रीय अर्जदारांत मोजतात आणि तेथे स्पर्धा अधिक तीव्र असते.

अर्जात सर्वाधिक वजन कशाला, याविषयी बराच गैरसमज आहे. रोबोटिक्सचे पदक उपयोगी पडते. परंतु अभियांत्रिकीचे परीक्षक आधी गणिताची साखळी पाहतात. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचे, तर सर्वसाधारण क्रमाने आठवीतच पहिले बीजगणित व्हावे लागते. म्हणजे एक महत्त्वाचा निर्णय मूल तेरा वर्षांचे असताना, बहुतेकदा पालकांच्या नकळत, होऊन जातो. मागे पडलेल्याला उन्हाळी वर्ग किंवा कम्युनिटी कॉलेजचा आधार घेता येतो. सॅटबाबत एकवाक्यता नाही. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. पर्ड्यू आणि ऑस्टिनही त्या मार्गाने गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र गुण पाहतच नाही. तेथे जीपीए मोजताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच विषय धरले जातात.

‘आशियाई म्हणून डावलले’ हे वाक्यही अनेकदा ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पण कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, वॉशिंग्टनने १९९८ मध्ये आणि मिशिगनने २००६ मध्येच सार्वजनिक विद्यापीठांवर ती घातली होती. बर्कले वा सिअॅटलच्या नकाराचे कारण बहुधा शाखेतील मोजक्या जागा हेच असते.

थेट दार बंद झाले तर कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून तिसऱ्या वर्षात जाण्याचा राजमार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा आवारांत काही शाखांसाठी अशी हमीही मिळते. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत.

बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे विवरण प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात प्रवेशाचे आकडे आणि कोणत्या घटकाला किती महत्त्व आहे याची सारणी असते. शाखानिहाय दर त्यात नसतो. तो त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शोधावा किंवा प्रवेश कार्यालयाला विचारावा. आणि होकाराचे पत्र आल्यावर त्यात अभियांत्रिकीऐवजी ‘प्री-सायन्सेस’ किंवा ‘अनडिक्लेअर्ड’ असा शब्द दिसला, तर १ मे रोजी अनामत भरण्यापूर्वी हव्या त्या शाखेत गेल्या वर्षी अशा किती जणांना जागा मिळाली, हे त्याच कार्यालयाकडून विचारून घ्यावे.