साक्ष आणि रक्तसाक्ष

संतांच्या नावापुढे 'रक्तसाक्षी' हा शब्द आपण इतक्या सवयीने लावतो की त्यातील 'साक्षी' आपल्या लक्षातही येत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ न्यायालयात उभे राहून पाहिलेले सांगणारा साधा साक्षीदार एवढाच होता. श्रद्धेसाठी प्राण देणारा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र असा काळ आला की ह्या दोन्ही अर्थांचे साक्षीदार एकाच न्यायालयात समोरासमोर उभे राहिले, आणि न्यायालयाने विश्वास ठेवला तो शपथ घेऊन खोटे बोलणाऱ्यांवर.

सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना हे प्रकरण आम्ही 'इंग्लंडमधील छळ' ह्या मथळ्याखाली घाईघाईने उरकले होते. त्या खटल्यांचे वृत्तान्त त्याच काळात लंडनमध्ये छापून विकले जात असत. ते वाचू लागलो तेव्हा मन अधिक अस्वस्थ झाले. कारण येथे पिसाळलेला जमाव नाही. येथे न्यायाधीश आहेत, ज्यूरी आहे, दोन्ही बाजूंचे साक्षीदार आहेत, प्रश्नोत्तरे आहेत. सर्व काही कायद्याच्या चौकटीत चालले आहे, आणि तरीही निरपराध माणसे फासावर जात आहेत.

१६७८ चे इंग्लंड डोळ्यांसमोर आणावे. राजा दुसरा चार्ल्स ह्याला औरस अपत्य नव्हते. गादीचा वारस असलेला त्याचा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, कॅथलिक झाल्याचे सर्वश्रुत होते. त्याला वारसाहक्कातून वगळावे म्हणून अर्ल ऑफ शाफ्ट्सबरीचा पक्ष धडपडत होता. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, त्याचेही खापर लोकांनी कॅथलिकांवर फोडले होते. साक्षीदार पुढे येण्याआधीच त्याची साक्ष ऐकायला देश उत्सुक होता, असे म्हटले तरी चालेल.

तो साक्षीदार आला. त्याचे नाव टायटस ओट्स. शाळेतून काढलेला, केंब्रिजमध्ये शिकूनही पदवी न मिळालेला हा माणूस अँग्लिकन पाळक झाला. हेस्टिंग्ज येथे एका शिक्षकावर त्याने किळसवाणा खोटा आरोप केला, आणि खोट्या शपथेचा खटला अंगावर येताच तो निसटला. आरमारात पाळक म्हणून गेला, तेथूनही त्याला घालवून दिले. १६७७ च्या राखेच्या बुधवारी तो कॅथलिक झाला. स्पेनमधील वायादोलिद येथील इंग्लिश कॉलेजने त्याला ठेवून घेतले नाही, तेव्हा येशूसंघीयांनी त्याला सेंट ओमेर येथील आपल्या शाळेत जागा दिली. अठ्ठावीस वर्षांचा हा विद्यार्थी मुलांच्या वर्गात बसत असे. १६७८ च्या जूनमध्ये तेथूनही त्याला काढून टाकण्यात आले. पुढे तो स्वतःला सालामांकाचा 'डॉक्टर' म्हणवू लागला. सालामांकाला तो कधी गेलाही नव्हता.

ओट्स आणि त्याचा साथी इस्रायल टंग ह्यांनी त्रेचाळीस कलमांचे एक आरोपपत्र तयार केले. पोपच्या संमतीने येशूसंघीय राजाचा खून करून इंग्लंड ताब्यात घेणार आहेत, असे त्यात म्हटले होते. मंत्रिमंडळासमोर राजाने स्वतःच ओट्सला प्रश्न विचारले. 'तू स्पेनमध्ये डॉन जॉनला पाहिलेस ना, मग तो दिसतो कसा?' ओट्सने उंच, सडपातळ, काळसर माणसाचे वर्णन केले. राजा डॉन जॉनला ओळखत होता. तो बुटका आणि गोरा होता. पॅरिसमधील येशूसंघीयांचे घर कोठे आहे, ह्या प्रश्नावरही ओट्स चुकला.

येथे आपल्या बायबलमधील दानिएलच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आठवतो. सुझान्नावर खोटा आळ घेणाऱ्या दोन वडीलजनांना दानिएलने वेगवेगळे उभे करून, झाड कोणते होते एवढेच विचारले, आणि दोघांची उत्तरे जुळेनात तेव्हा लोकांचे डोळे उघडले. दुसऱ्या चार्ल्सने अगदी दानिएलसारखाच प्रश्न विचारला. त्याला उत्तरही कळले. पण त्याने सुझान्नाला सोडवले नाही. ओट्सवर त्याचा विश्वास नव्हता, तरी त्याच ओट्सच्या शब्दावर झालेल्या फाशीच्या शिक्षा त्याने अमलात येऊ दिल्या. संसदेशी भांडण घेण्याची त्याची तयारी नव्हती.

दोन घटनांनी ओट्सचे नशीब उघडले. त्याची शपथपूर्वक जबानी घेणारे दंडाधिकारी सर एडमंड बेरी गॉडफ्री १२ ऑक्टोबरला नाहीसे झाले आणि पाच दिवसांनी त्यांचे प्रेत एका टेकडीजवळ सापडले. हे गूढ आजही उकललेले नाही; त्या खुनासाठी तीन निरपराध माणसे मात्र फासावर चढली. दुसरी घटना आपल्याला अवघड वाटणारी आहे. ड्यूकच्या पत्नीचे चिटणीस एडवर्ड कोलमन ह्यांच्या घरात फ्रान्सच्या राजाच्या पापनिवेदकाशी झालेला खराखुरा पत्रव्यवहार सापडला. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्म पुन्हा बसवण्यासाठी फ्रेंच पैसा मिळावा, असे त्यांत होते. खुनाचा कट त्यांत नव्हता, पण बेसावध बढाया पुष्कळ होत्या. ओट्सच्या शंभर खोट्यांना कोलमनच्या एका खऱ्याने टेकू दिला, हे आपण मान्य केलेच पाहिजे.

कोलमनच्या खटल्यात एक चमत्कारिक गोष्ट निघाली. मंत्रिमंडळासमोर ओट्सने कोलमनला ओळखलेच नव्हते. न्यायाधीश स्क्रॉग्ज ह्यांनी कारण विचारताच तो म्हणाला की मेणबत्तीचा उजेड अपुरा होता आणि आपण दोन रात्री जागलो होतो. हे उत्तर पुरेसे मानले गेले. ३ डिसेंबर १६७८ रोजी कोलमन ह्यांना देहदंड झाला.

त्या काळचा कायदाही पाहिला पाहिजे. राजद्रोहाच्या आरोपीला वकील मिळत नसे, आरोपपत्राची प्रत मिळत नसे. त्याच्या बाजूचे साक्षीदार बोलू शकत, पण त्यांना शपथ दिली जात नसे. म्हणजे ज्यूरीच्या नजरेत त्यांचा शब्द आधीच हलका. आरोपीच्या बाजूने एकच अडसर होता: राजद्रोह सिद्ध करण्यास दोन साक्षीदार लागत. १७ डिसेंबरला येशूसंघाचे प्रांताधिपती थॉमस व्हाइटब्रेड आणि जॉन फेनविक ह्यांच्याविरुद्ध एकच साक्षीदार उभा राहिला. कायद्याप्रमाणे ते सुटायला हवे होते. न्यायालयाने त्यांना सोडले नाही; दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत पुन्हा तुरुंगात धाडले.

तो मिळाल्यावर, १३ जून १६७९ रोजी, व्हाइटब्रेड, फेनविक, विल्यम हारकोर्ट, जॉन गॅव्हन आणि अँथनी टर्नर हे पाच येशूसंघीय धर्मगुरू एकत्र उभे केले गेले. आरोपाचा गाभा असा, की २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनमधील 'व्हाइट हॉर्स' ह्या खानावळीत येशूसंघीयांची सभा भरली, तीत राजाच्या खुनाचा ठराव झाला, आणि ओट्स तेथे हजर होता. म्हणजे प्रश्न अगदी सोपा: त्या दिवशी ओट्स होता कोठे?

सेंट ओमेरहून सोळा साक्षीदार समुद्र ओलांडून आले. बरेचसे शाळेतील तरुण विद्यार्थी. आपल्या नावाची लंडनमध्ये नोंद होण्याचा धोका त्यांना ठाऊक होता. एकामागून एक सर्वांनी सांगितले की ओट्स त्या दिवसांत शाळेतच होता. तो जेवायला वेगळ्या टेबलावर एकटा बसत असे, त्यामुळे त्याची जागा रिकामी असती तर कोणाच्याही लक्षात आली असती! अशा बारीकशा तपशिलातच खरेपणा ओळखू येतो. इंग्लंडने पोप ग्रेगरींची दिनदर्शिका १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. लंडनचा २४ एप्रिल तो सेंट ओमेरचा ४ मे. तेवढा दहा दिवसांचा फरक धरूनही हिशेब जुळत होता. ओट्सनेही आपल्याला लंडनमध्ये पाहिल्याचे सांगणारी काही माणसे आणली.

स्क्रॉग्ज ह्यांनी ज्यूरीला जे समजावले त्याचा आशय असा होता: हे तरुण ज्या धर्मात वाढले तो धर्म आपल्या हितासाठी खोटे बोलण्याची मुभा देतो, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन ते किती? साक्षीतील विसंगती कोणी दाखवली नाही. साक्षीदार कॅथलिक आहेत, हीच त्यांची उलटतपासणी ठरली. मनात अट राखून द्व्यर्थी उत्तर देण्याचा वाद आपल्या काही नीतिशास्त्रज्ञांनी माजवला होता, हे नाकारता येत नाही. ह्या खटल्याआधी अवघे तीन महिने, मार्च १६७९ मध्ये, पोप अकरावे इनोसंट ह्यांनी अशी काही मते दोषार्ह ठरवली होती. लंडनच्या न्यायालयात त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि एक विलक्षण गोष्ट. त्या दिवशी येशूसंघीयांची सभा खरोखरच भरली होती! दर तीन वर्षांनी भरणारी ती नेहमीची प्रांतिक सभा होती. ती खानावळीत नव्हे, तर सेंट जेम्स राजवाड्यात, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्कच्या निवासस्थानी भरली, असे पुढे खुद्द जेम्सनेच सांगितले. ही जागा न्यायालयात उघड केली असती तर ओट्सचे खोटे एका क्षणात उघडे पडले असते, पण ड्यूकचे काय झाले असते हे सांगायला नको. पाचही जण गप्प राहिले. २० जून रोजी टायबर्नच्या वधस्तंभाखाली प्रत्येकाने आपण निरपराध असल्याचे सांगितले. १९२९ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

पुढच्याच महिन्यात राणीचे वैद्य सर जॉर्ज वेकमन ह्यांच्यावर खटला चालला. पंधरा हजार पौंडांसाठी ते राजाला विष देणार होते, असा आरोप. ही राणी म्हणजे ब्रागांझाची कॅथरिन. १६६१ च्या तिच्याच विवाहकरारान्वये पोर्तुगीजांची मुंबई इंग्रजांकडे गेली. तेव्हा आपल्या किनाऱ्याशी ह्या प्रकरणाचा एवढा धागा आहेच. ओट्सने संसदेत खुद्द राणीचेही नाव घेतले होते. ह्या वेळी मंत्रिमंडळाचे लेखनिक सर फिलिप लॉइड ह्यांनी सांगितले की, वेकमनविरुद्ध आणखी काही ठाऊक नाही, असे ओट्स पूर्वी म्हणाला होता. ओट्सने पुन्हा थकव्याचे कारण पुढे केले. पण लॉइड सरकारी अधिकारी आणि प्रोटेस्टंट! स्क्रॉग्ज ह्यांनी ज्यूरीला सावध राहण्यास सांगितले आणि वेकमन सुटले. ओट्स तोच, त्याची सबबही तीच. बदलला होता फक्त त्याला खोडून काढणारा माणूस.

ह्या कटाचा शेवटचा बळी आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट. त्यांचे प्रकरण मला सर्वांत जिव्हारी लागते, कारण त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारे परके नव्हते. एडमंड मर्फी हा धर्मगुरू, जॉन मॅकमॉयर आणि ह्यू डफी हे फ्रान्सिस्कन. आयर्लंडमधील विस्कळीत झालेल्या धर्मप्रांतात शिस्त आणताना प्लंकेट ह्यांनी ज्यांना दुखावले, त्यांच्यापैकी ही मंडळी होती. कारलिंगफर्ड बंदरात ते फ्रेंच सैन्य उतरवणार होते, असा आरोप. कोणत्याही वरिष्ठाला ठाऊक असते की शिक्षा झालेला माणूस ती विसरत नाही. पण सूड म्हणून आपल्या मेंढपाळाची मान देणारे विरळा.

१६८० च्या जुलैमध्ये आयर्लंडमधील डंडॉक येथे खटला उभा राहिला. ज्यूरीतील सर्वजण प्रोटेस्टंट असूनही प्लंकेट ह्यांनी हरकत घेतली नाही. ते लोक आर्चबिशपांनाही ओळखत होते आणि फिर्यादी साक्षीदारांनाही. मर्फी तर पळूनच गेला. खटला कोसळला. मग तोच खटला लंडनला नेण्यात आला, जेथे साक्षीदारांना कोणी ओळखत नव्हते. पहिल्या ग्रँड ज्यूरीने आरोप फेटाळला, दुसरीने मान्य केला. आयर्लंडहून साक्षीदार व ह्या मंडळींच्या जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी आणण्यास प्लंकेट ह्यांना पाच आठवडे मिळाले. वारे उलटे, आणि आदेशाशिवाय नोंदी देण्यास तिकडची न्यायालये राजी नव्हती. ८ जून १६८१ रोजी ते एकटे उभे राहिले. पंधरा मिनिटांत ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. इतरांची नावे घेतल्यास जीव वाचेल असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी नकार दिला. १ जुलैला टायबर्न येथे आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांना त्यांनी क्षमा केली. १२ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी त्यांना संतपद दिले.

१६८५ मध्ये जेम्स गादीवर आला आणि ओट्सवर खोट्या शपथेचा खटला भरला गेला. सेंट ओमेरचे साक्षीदार पुन्हा आले, तेच बोलले, आणि ह्या वेळी त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला! न्यायाधीश जेफ्रीज हे तेच गृहस्थ, ज्यांनी १६७९ मध्ये त्या पाच धर्मगुरूंना शिक्षा वाचून दाखवली होती. ओट्सला शहरभर अमानुष फटके मारण्यात आले. ह्या निकालाचा मला पुरता आनंद होत नाही. सत्य जिंकले खरे, पण तेव्हा राजा कॅथलिक होता. तिसरा विल्यम येताच ओट्स सुटला आणि त्याला निवृत्तिवेतनही मिळाले. राजद्रोहाच्या आरोपीला वकील, आरोपपत्राची प्रत आणि शपथेवरचे साक्षीदार देणारा कायदा मात्र १६९६ मध्ये झाला.

प्लंकेट ह्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत आणखी एक होता, फ्लॉरेन्स मॅकमॉयर. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'बुक ऑफ आर्मा' हे नवव्या शतकातील हस्तलिखित सांभाळण्याचा मान होता. मॅकमॉयर ह्या आडनावाचा अर्थच 'राखणदाराचा पुत्र'. त्या ग्रंथात संत पॅट्रिक ह्यांचे लेखन आहे आणि संपूर्ण नवा करारही. लंडनला साक्ष देण्यासाठी जाताना प्रवासखर्च हवा म्हणून ह्या राखणदाराने तो ग्रंथ पाच पौंडांना गहाण ठेवला. तो त्याला पुन्हा सोडवता आला नाही. आज तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, आणि त्याच्या एका पानावर फ्लॉरेन्सने १६६२ मध्ये, आपल्या मालकीची खूण म्हणून, स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे.