विद्युत्-वितरणातील बिघाड आणि पुनर्योजन : एक ऐतिहासिक टिपण

दिवे विझले म्हणजे मराठी मनुष्य ‘वीज गेली’ किंवा ‘लाईट गेली’ असे म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य लक्षात घेण्याजोगे आहे. ‘जाणे’ हे क्रियापद अकर्मक असून त्याचा कर्ता वीज ही स्वतःच होय. ती कोणी घालविली, कोठे अडली, ह्याचा निर्देश वाक्यात नाही. पुढे ‘वीज आली’ असे म्हटले की प्रकरण संपते. ग्राहकाला एवढे पुरते. वितरणव्यवस्था सांभाळणाऱ्याचे काम मात्र ह्या दोन वाक्यांच्या मधल्या अवधीतच असते. बिघाड कोठे आहे हे ठरविणे, तेवढा भाग तोडून वेगळा करणे आणि उरलेल्या ग्राहकांना वीज परत देणे, अशी ही तीन कामे होत. ती मनुष्याच्या हातून यंत्राच्या स्वाधीन कशी झाली आणि त्या संक्रमणात कोणता प्रश्न मागे राहिला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या परंपरेतील पहिले साधन म्हणजे फ्यूज. टॉमस एडिसनने १८८० मध्ये अशा सुरक्षा-तारेचे एकस्व मिळविले, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की फ्यूजची बारीक तार वितळते व मंडल तुटते. बिघडलेला भाग वेगळा करण्याचे काम ती चोख बजावते. पण त्यातच तिचा अंत होतो. मनुष्याने जाऊन नवी तार बसविल्याखेरीज वीज परत येत नाही. तीन कामांपैकी एकच यंत्राकडे आले होते.

‘कोठे’ ह्या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे सापडले. चार्ल्स मर्झ व बर्नार्ड प्राइस ह्यांनी १९०४ मध्ये जी योजना मांडली तिचे तत्त्व साधे आहे. केबलच्या एका टोकाने जेवढा प्रवाह आत शिरतो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडला पाहिजे. हिशेब जुळला नाही तर बिघाड ह्या दोन टोकांच्या मध्येच आहे. मग दोन्ही टोकांचे खंडक उघडतात आणि शेजारचे भाग चालू राहतात. तथापि ह्यासाठी दोन्ही टोकांना खंडक, रिले आणि त्यांना जोडणारी स्वतंत्र तार लागते. दाट वस्तीच्या शहरात हा खर्च परवडत असे. मैलोगणती पसरलेल्या खेड्यांच्या मार्गावर तो परवडणे शक्य नव्हते.

अमेरिकेत ही अडचण विशेष तीव्रतेने पुढे आली. १९३५ मध्ये तेथे ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, त्या वेळी दहापैकी सुमारे एकाच शेतघरात वीज होती. पुढील काही वर्षांत उघड्यावरून जाणाऱ्या लांबच लांब तारा उभ्या राहिल्या. अशा तारेवर झाडाची फांदी टेकते, पक्षी बसतो, जवळ वीज कोसळते. क्षणभर ठिणगी उडते व फ्यूज वितळतो. लाइनमन कित्येक मैलांचा प्रवास करून पोहोचावा, तर तेथे काहीच आढळू नये! तो नवा फ्यूज बसवून परत येई. उघड्या तारांवरील साधारणतः ७० ते ८० टक्के बिघाड असे आपोआप नाहीसे होणारे असतात, असे मानले जाते.

ह्या अनुभवातूनच १९४० नंतरच्या दशकात ‘रिक्लोजर’चा प्रसार झाला. त्याला आपण पुनर्योजक म्हणू. त्याच्या आरंभीच्या रूपात तेलाने भरलेले एक पात्र खांबावर टांगलेले असे. मार्गाचा प्रवाह त्यातील वेटोळ्यातून जाई; प्रवाह फार वाढला की वेटोळे दट्ट्याला ओढून घेई व संपर्क उघडत. काही क्षणांनी स्प्रिंगच्या जोराने ते पुन्हा मिटत. बिघाड कायम असेल तर हीच क्रिया पुन्हा घडे. बहुधा दोन वेळा झटपट व दोन वेळा सावकाश उघडून यंत्र अखेर उघडेच राही. ह्या क्रमामागे योजना होती. झटपट उघडण्यात शाखेवरचा फ्यूज वितळण्याआधीच तात्पुरता बिघाड निघून जाई. सावकाश उघडण्यात त्या फ्यूजला वितळण्यास अवधी मिळे व बिघडलेली शाखा तेवढी तुटे. तेल, स्प्रिंग आणि वेटोळे एवढ्या सामग्रीवर दूरच्या खांबावर तिन्ही कामे होऊ लागली.

येथे परिभाषेचा एक मुद्दा उपस्थित होतो. अभियंते बिघाडाचे ‘तात्पुरता’ आणि ‘कायम’ असे दोन वर्ग करतात. परंतु बिघाड घडत असताना तो कोणत्या वर्गातला हे ओळखण्याची खूण पुनर्योजकापाशी नसते. ‘तात्पुरता’ हे विशेषण बिघाड संपल्यानंतरच लावता येते. म्हणून यंत्र मार्गाला पुन्हा वीज देऊन एक प्रकारे प्रश्न विचारते: ‘बिघाड गेला काय?’ उत्तर होकारार्थी असेल तर कोणाचेच नुकसान नाही. नकारार्थी असेल तर तो प्रश्न विचारण्याच्या क्रियेतच तुटलेल्या तारेत पुन्हा प्रवाह सोडला जातो. चालू तारेवर मनुष्य काम करीत असेल तेव्हा पुनर्योजन बंद ठेवण्याची शिस्त वीजकामगारांत रूढ आहे, ती ह्याच कारणास्तव.

ह्या प्रश्नाची किंमत किती होऊ शकते हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पाहिले. ७ फेब्रुवारी २००९ रोजी, अतितप्त वाऱ्याच्या दिवशी, मेलबर्नच्या उत्तरेस किलमोर ईस्ट येथे एका मार्गाची तार खांबापाशी तुटली. १२.७ किलोव्होल्टचा तो एकतारी मार्ग होता. अशा मार्गात प्रवाहाची परतीची वाट जमिनीतूनच असते. धातूला आलेला थकवा हे तार तुटण्याचे कारण ठरले. तेथून पेटलेल्या वणव्यात ११९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसाच्या सर्व वणव्यांतील मृतांची संख्या १७३ होती. चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने २०१० मध्ये अंतिम अहवाल दिला. वणव्यांच्या हंगामातील सर्वाधिक धोक्याच्या सहा आठवड्यांत एकतारी मार्गांवरील पुनर्योजन बंद ठेवावे, आणि संपूर्ण अग्निबंदीच्या दिवशी २२ किलोव्होल्टच्या फीडरवर एकदाच पुनर्योजनाचा प्रयत्न होऊ द्यावा, अशी एक शिफारस त्यात होती. वीज लवकर परत येणे हे नेहमीच हिताचे असते, हे गृहीतच त्या शिफारशीने बाजूला ठेवले.

त्यानंतरचे प्रयत्न प्रश्न टाळण्यापेक्षा तो सौम्य रीतीने विचारण्याकडे वळलेले दिसतात. व्हिक्टोरियाने एकतारी मार्गांवर दुरून नियंत्रित होणारे नवे पुनर्योजक बसविले. त्यामुळे धोक्याच्या दिवशी त्यांचे वर्तन बदलता येते. २०१६ च्या नियमांनी ४५ उपकेंद्रांत भूदोष-प्रवाह झपाट्याने मर्यादित करणारी उपकरणे बसविणे आवश्यक केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील वाल्डेमार पीटरसनने शोधलेल्या वेटोळ्याचे तत्त्व त्यांच्या मुळाशी आहे. अमेरिकेतील चॅटनूगा शहराच्या वीजसंस्थेने २००९ च्या सरकारी अनुदानाच्या साहाय्याने सुमारे १,२०० स्वयंचलित स्विच बसविले. मार्ग पुन्हा जोडण्यापूर्वी ते अगदी अल्प प्रवाहाचा एक स्पंद सोडून बिघाड आहे की गेला हे अजमावतात. बिघाड टिकून असेल तर ते परस्परांशी संदेश-विनिमय करून मधला तुकडा तोडतात, आणि एरवी उघडा ठेवलेला जोड-स्विच मिटवून पलीकडच्या घरांना दुसऱ्या फीडरवरून वीज देतात. त्या फीडरला हा भार पेलेल काय, हेही त्यापूर्वी तपासावे लागते.

भारतात २००८ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या सुधारणा-कार्यक्रमात चार लाखांहून अधिक लोकवस्तीच्या मोठ्या शहरांसाठी वितरणाच्या दूरनियंत्रणाची तरतूद झाली. तेव्हा हा विषय मराठीतून शिकविण्याची गरज दूरची राहिलेली नाही. तसे करताना ‘तात्पुरता बिघाड’ हा शब्दप्रयोग जपून करावा, असे सुचवावेसे वाटते. ‘अनिर्णित बिघाड’ आणि चाचणीनंतर ‘निवळलेला’ किंवा ‘टिकलेला’ बिघाड, असे शब्द योजले तर निर्णय केव्हा झाला हे शब्दातच स्पष्ट राहील. फीडरची मांडणी करणाऱ्या तरुण अभियंत्याला, आणि त्याहूनही खांबावर चढणाऱ्या वायरमनला, ह्या भेदाची जाणीव असणे अगत्याचे आहे. कारण यंत्राचा प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला तर त्याचे उत्तर प्रथम त्या वायरमनला मिळते.