फॉरेस्टर, सेसिल स्कॉट

(२७ ऑगस्ट १८९९–२ एप्रिल १९६६). इंग्रज कादंबरीकार व चरित्रकार. मूळ नाव सेसिल लुइस ट्राउटन स्मिथ, ‘सी. एस. फॉरेस्टर’ हे त्याने लेखनासाठी घेतलेले नाव. नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश आरमारावर त्याने लिहिलेल्या सागरी साहसकथांमुळे, विशेषतः होरेशिओ हॉर्नब्लोअर ह्या काल्पनिक अधिकाऱ्यावरील कादंबरीमालेमुळे, त्याला जगभर कीर्ती लाभली. जन्म ईजिप्तमधील कैरो येथे. वडील तेथील शिक्षणखात्यात नोकरीस होते. बालपणीच आईबरोबर तो लंडनला आला. डलिच कॉलेजमधील शिक्षणानंतर त्याने गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. तथापि पदवी न घेताच तो सोडला आणि लेखनावर उपजीविका करण्याचे ठरविले. पहिल्या महायुद्धात त्याला प्रकृतीच्या कारणावरून सैन्यात प्रवेश मिळाला नव्हता.

आरंभीच्या काळात त्याने राजपुरुषांची व सेनानींची चरित्रे लिहिली. नेपोलियन अँड हिज कोर्ट (१९२४) ह्या पुस्तकानंतर सम्राज्ञी जोसेफीन (१९२५), इटलीचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल (१९२७), फ्रान्सचा चौदावा लुई (१९२८) आणि दर्यासारंग नेल्सन (१९२९) ह्यांची चरित्रे प्रसिद्ध झाली. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या ह्या ग्रंथांची संशोधनात्मक योग्यता बेताचीच आहे आणि आज ते फारसे वाचलेही जात नाहीत. असे असले, तरी त्याच्या वाङ्‌मयीन जीवनात त्यांचे स्थान उपेक्षणीय नाही. नेपोलियन आणि नेल्सन ह्यांच्यासाठी केलेले वाचन पुढे कादंबऱ्यांच्या उपयोगी पडले. ह्याच सुमारास एका लहान होडीतून पत्नीसह त्याने फ्रान्समधील नद्यांतून प्रवास केला. हॉर्नब्लोअर फ्रेंचांच्या कैदेतून निसटून ल्वार नदीच्या मार्गाने समुद्र गाठतो, ते फ्लाइंग कलर्स (१९३८) मधील चित्रण ह्या अनुभवावर उभे आहे.

पेमेंट डिफर्ड (१९२६) ह्या गुन्हेगारीविषयक कादंबरीने त्याचे नाव प्रथम लोकांपुढे आले. ब्राउन ऑन रेझोल्यूशन (१९२९), द गन (१९३३) आणि द आफ्रिकन क्वीन (१९३५) ह्या त्यानंतरच्या उल्लेखनीय कादंबऱ्या. पहिल्या महायुद्धातील एका ब्रिटिश सेनापतीवरील द जनरल (१९३६) ही कदाचित त्याची सर्वांत गंभीर कलाकृती होय. शूर, प्रामाणिक, पण कल्पनाशक्तीचा अभाव असलेला माणूस सहस्रावधी सैनिकांच्या मृत्यूस कसा कारण होतो, हे तीत कोठेही आवाज न चढवता दाखविले आहे.

हॉर्नब्लोअरचा उगम जुन्या कागदपत्रांत आहे. फॉरेस्टरने नेव्हल क्रॉनिकल ह्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या आरमारी नियतकालिकाचे काही खंड विकत घेतले होते. त्यांत ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने ह्यांच्यातील १८१४ च्या गेंट तहाची कलमे होती. तहाची वार्ता पोहोचण्यास लागणारा वेळ लक्षात घेऊन युद्धबंदीसाठी सागरपरत्वे वेगवेगळ्या मुदती ठरविलेल्या होत्या. अमेरिकेच्या किनाऱ्यानजीक बारा दिवस, तर अतिदूरच्या प्रदेशांत एकशे वीस दिवस. म्हणजे एकीकडे मैत्री झालेली असताना दुसरीकडे तोफा कायदेशीरपणे धडधडत राहणार होत्या. द हॅपी रिटर्न (१९३७) ह्या पहिल्या हॉर्नब्लोअर-कादंबरीचे बीज हेच. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हॉर्नब्लोअर हुकुमाप्रमाणे एक स्पॅनिश युद्धनौका जिंकून स्थानिक बंडखोराच्या हवाली करतो आणि नंतर त्याला कळते, की १८०८ मध्ये स्पेन नेपोलियनविरुद्ध उठला असून आता ब्रिटनचा मित्र आहे. तीच नौका त्याला पुन्हा, आणि ह्या वेळी बुडविण्यासाठी, झुंजून गाठावी लागते. वरिष्ठांपासून महिनोगणती दूर असलेल्या कप्तानाचे अधिकार अमर्याद आणि जबाबदारीही तेवढीच एकाकी, ही त्या काळाची वस्तुस्थिती अनेक इतिहासग्रंथांपेक्षा येथे अधिक स्पष्ट होते.

कथानायकाची घडणही रूढ वीराची नव्हे. हॉर्नब्लोअरला समुद्र लागतो, त्याला संगीत कळत नाही आणि आपण भित्रे आहोत हा संशय त्याचा पिच्छा सोडत नाही. कनिष्ठांना मात्र त्याची अबोल मुद्रा धीरगंभीर वाटते. फटक्यांची शिक्षा, सक्तीची भरती, तुटपुंजे पाणी व अळ्या पडलेली बिस्किटे हे आरमारी जीवनाचे वास्तव फॉरेस्टर झाकीत नाही. सुप्रसिद्ध लढायांपासून तो नायकाला बुद्धिपुरस्सर दूर ठेवतो. ट्रफॅल्गरच्या लढाईत हॉर्नब्लोअर नाही, नेल्सनच्या अंत्ययात्रेच्या व्यवस्थेत मात्र आहे. ज्ञात इतिहासाला धक्का न लावता त्याच्या फटींत कथा बसविण्याचे हे कौशल्य. काल्पनिक पात्राबाबत मात्र त्याने चरित्रकाराला परवडणार नाही अशी मोकळीक घेतली. मालेतील कादंबऱ्या कालक्रमाने लिहिलेल्या नाहीत. कप्तान आधी अवतरला आणि त्याची उमेदवारी मिस्टर मिडशिपमन हॉर्नब्लोअर (१९५०) मध्ये नंतर आली. त्याची जन्मतारीख ४ जुलै १७७६ अशी पुढे ठरविण्यात आली. पहिल्या कादंबरीतील वयाशी ती जुळत नाही.

अ शिप ऑफ द लाइन (१९३८) आणि फ्लाइंग कलर्स ह्यांस जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक लाभले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यासाठी तो अमेरिकेत गेला व पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. द शिप (१९४३) ही भूमध्य समुद्रातील १९४२ च्या सर्टच्या लढाईवर आधारलेली, तर द गुड शेफर्ड (१९५५) अटलांटिकमधील जहाजांच्या काफिल्याच्या रक्षणावर. १८१२ च्या आरमारी युद्धाचा द एज ऑफ फायटिंग सेल (१९५६) हा त्याचा इतिहासग्रंथ ह्याच काळातील. त्यातील निवेदन आधीच्या चरित्रांहून अधिक पक्व आहे.

फुलर्टन (कॅलिफोर्निया) येथे तो निधन पावला, त्या वेळी मालेतील अकरावी कादंबरी अपुरी होती. ती १९६७ मध्ये तशीच प्रसिद्ध करण्यात आली. १९३५ मध्ये हरवलेली द पर्सूड ही कादंबरी २०११ मध्ये प्रकाशित झाली. आरमाराचे इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन ह्यांनी १९७० मध्ये हॉर्नब्लोअरचे संपूर्ण चरित्र लिहिले. त्यात चरित्रग्रंथाला साजेशी पत्रे व वंशावळ आहे आणि हॉर्नब्लोअर खरोखर होऊन गेला असे समजून ते वाचणारेही निघाले. फॉरेस्टरने लिहिलेल्या राजेरजवाड्यांच्या चरित्रांना एवढे भाग्य लाभले नाही.