दोन मतांचा मतदारसंघ

पॅसिफिक महासागरांत तुवालू नांवाचें एक चिमुकलें राष्ट्र आहे. लोकवस्ती अवघी दहा-अकरा हजार. आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या गांवाएवढी. तरी त्याला स्वतःचें विधिमंडळ आहे, आणि आठ मतदारसंघांतून प्रत्येकीं दोन असे सोळा प्रतिनिधि तेथें बसतात. हें वाचून ज्या कोल्हापूरकरास हंसूं येईल, त्यास इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, एका मतदारसंघाचे दोन प्रतिनिधि ही रीत एकेकाळीं आपल्या घरचीही होती.

गोष्ट १९५७ सालची. १ मार्च १९४९ रोजीं करवीर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्यास आठ वर्षें झालीं होतीं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें हवा तापली होती. लोकसभेचा कोल्हापूर मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींकरितां राखीव. मतदारांची यादी मात्र एकच, आणि प्रत्येकास, मग तो कोणत्याही जातीचा असो, दोन मतें. शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागांवकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एस्. के. दिगे असे दोघे निवडून आले.

या निकालाचें मोल जाणावयाचें तर मागें जावें लागतें. २६ जुलै १९०२ रोजीं राजर्षि शाहू महाराजांनीं संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांकरितां राखून ठेवल्या. ती राजाज्ञा होती. प्रजेची संमति कोणी विचारली नव्हती. पंचावन्न वर्षांनीं राखीव जागा राज्यघटनेनें दिली. पण तिच्यावर कोणीं बसावें हें सर्व जातींच्या मतदारांनीं मिळून ठरविलें. जें वरून आलें होतें, त्यांत आतां खालचा हातही लागला.

द्विसदस्य मतदारसंघांचा विस्तार अवाढव्य असे. १९६१च्या कायद्यानें ते रद्द झाले, आणि १९६२ साली कोल्हापुरानें व्ही. टी. पाटील यांस एकटेच निवडून दिलें. व्यवहार सोपा झाला, हें खरें. परंतु आपल्याहून निराळ्या स्थितीतील माणसाचाही विचार एकाच मतपेटीपाशीं करावा लागे, तो प्रसंग संपला.

मतदारांचा अधिकार मात्र बळावत गेला. २००९ साली छत्रपति घराण्यांतील संभाजीराजे उमेदवार असतां लोकांनीं अपक्ष सदाशिवराव मंडलिकांस निवडलें. २०२४ साली त्याच घराण्याचे प्रमुख शाहू छत्रपति दीड लाखांहून अधिक मताधिक्यानें विजयी झाले. ज्या गादीची आज्ञा चाले, तिनें मत मागावें, एकदां नकार ऐकावा, पुन्हां मागावें, यांत गादीचा कमीपणा नाहीं; प्रजेचें मोठेपण आहे.

वर्गांत कोल्हापूरच्या खासदारांचीं नांवें विचारलीं कीं विद्यार्थी अलीकडचीं भराभर सांगतात. दिग्यांचें नांव मात्र मलाच फळ्यावर लिहावें लागतें.