पायाची आग आणि घरातलं ‘करंटचं मशीन’ : लावण्याआधी काय तपासायचं?

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली असंख्य मराठी कुटुंबं राहतात. लूमवर बारा-बारा तास उभं राहून घरी आलेल्या माणसाचे पाय दुखणं नवीन नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तळपायाची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, चादरीचा स्पर्शही नको वाटतो, तेव्हा ते नुसतं थकणं नसतं. नेमक्या अशाच वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते. पायाखाली ठेवायची चटई किंवा पॅड चिकटवायचं छोटं मशीन घ्या, नसा मोकळ्या होतील, असं त्यात सांगितलेलं असतं.

या मशीनमुळे काही लोकांचं दुखणं कमी होतं, हे खरं आहे. पण खराब झालेली नस त्याने दुरुस्त होत नाही. आणि ज्याचा पाय आधीच बधिर झाला आहे, त्याला या मशीनने इजाही होऊ शकते. म्हणून विकत घेण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

हा आजार नेमका काय?

मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाकी शरीरात पसरलेल्या नसांना इजा झाली, की त्याला ‘पेरिफेरल न्यूरोपॅथी’ म्हणतात. सर्वांत लांब नसा पायांकडे जातात, त्यामुळे मधुमेहासारख्या कारणात त्रास बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजे घातल्यासारखा वर चढतो. हातांची पाळी नंतर येते.

इथे एक घोळ नेहमी होतो. मराठीत आणि गुजरातीतही ‘नस’ हा शब्द संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला वापरतात आणि रक्तवाहिनीलाही. सतत उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या नसा दिसतात, त्या रक्तवाहिन्या असतात. तो व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा. ‘नसांचं मशीन’ एवढंच ऐकून ते घेतलं, तर मूळ आजाराला ते लागूच पडत नाही.

मशीन काम कसं करतं?

घरगुती मशीनमध्ये मुख्यतः दोन प्रकार येतात. पहिला ‘टेन्स’. यात त्वचेवर पॅड चिकटवून मज्जातंतूंना सौम्य करंट देतात. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘करंट दिला’ म्हणतात, तो बऱ्याचदा हाच असतो. दुसरा ‘ईएमएस’. यात करंटने स्नायू आकसतो. पायाखालच्या अनेक चटया या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

टेन्समागचा विचार १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतातून आला. ठेच लागली की आपण बोट चोळतो आणि कळ कमी वाटते. चोळण्याची संवेदना मज्जारज्जूपाशी पोहोचते आणि दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. टेन्स ते चोळण्याचं काम करंटने करतं. म्हणूनच आराम बहुधा मशीन चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ टिकतो.

अभ्यास काय सांगतात?

त्वचेवरून करंट देण्याचा मधुमेहाच्या न्यूरोपॅथीवरचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३१ रुग्ण होते. रोज ३० मिनिटं, ४ आठवडे उपचार झाले आणि खोट्या मशीनपेक्षा खऱ्या मशीनने जास्त लोकांना आराम पडला. २०१० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने मधुमेहाच्या न्यूरोपॅथीत टेन्स ‘बहुधा उपयोगी’ असल्याचं म्हटलं.

पण २०१७ मध्ये कोक्रेन संस्थेने नसांच्या सर्व प्रकारच्या दुखण्यावरचे १५ अभ्यास, एकूण ७२४ रुग्ण, एकत्र तपासले. अभ्यास लहान आणि त्यांचा दर्जा फारच कमी, त्यामुळे टेन्स खोट्या मशीनपेक्षा खरंच सरस आहे का, हे ठामपणे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, करून बघायला हरकत नाही, पण खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि टेन्सचे हे निष्कर्ष पायाखालच्या चटईला लावता येत नाहीत.

आधी कारण शोधा

मशीनच्या आधी रक्ततपासणी करा. शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, बी१२, थायरॉईड, किडनी, सीबीसी या तपासण्या साधारणपणे सांगितल्या जातात.

बी१२ कमी पडल्यानेही पायांत मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. वेळेत कळलं तर यावर इलाज सोपा आहे. दारू, टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड आणि कॅन्सरची काही औषधं यांनीही नसांना इजा होते. मात्र टीबीची गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर तिच्यासोबत बी६ देतात.

दक्षिण गुजरात, नंदुरबार, पालघर या पट्ट्यात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, हाता-पायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर लाजून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि आजार बरा होतो.

त्रास एकाच पायात असेल आणि कळ कंबरेतून खाली येत असेल, तर दोष मणक्यात असू शकतो. भरतकाम किंवा शिलाई करणाऱ्या बायकांना रात्री हाताची बोटं बधिर होऊन जाग येते, ते बऱ्याचदा मनगटात दबलेल्या नसेमुळे असतं.

पाय बधिर आहे का, घरीच बघा

इंग्लंडमधल्या इप्सविच शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी सोपी आहे. रुग्णाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीने रुग्णाच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुली करायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरायचं आणि डॉक्टरांना पाय दाखवायचा.

अशा पायावर पॅड लावणं धोक्याचं आहे. करंट जाणवत नाही म्हणून माणूस बटण वाढवत जातो, त्वचा भाजते आणि तेही कळत नाही. मधुमेहात अशी छोटी जखम चिघळत जाते. पायाखालची चटई तर थेट तळव्यातूनच करंट देते, म्हणजे जिथे संवेदना सर्वांत कमी, नेमकं तिथेच. गरम पाण्याची पिशवी आणि विटेचा शेक यांचाही धोका तोच.

कुणी वापरू नये?

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये. गरोदरपण, फिट येण्याचा आजार, कॅन्सर, पायात रक्ताची गुठळी असेल तरीही आधी विचारावं. मानेच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, छातीवर, जखमेवर किंवा पुरळ आलेल्या कातडीवर पॅड लावू नये. झोपेत, अंघोळ करताना, गाडी चालवताना आणि लूमसारख्या चालत्या मशीनजवळ ते चालू ठेवू नये.

चार आठवड्यांची चाचणी

पहिल्यांदा मशीन फिजिओथेरपिस्टकडे लावून बघणं चांगलं. पॅड कुठे लावायचं ते तिथेच शिकून घ्या. आतल्या घोट्याच्या मागून तळव्याकडे जाणाऱ्या नसेजवळ किंवा बधिर भागाच्या वर, जिथे स्पर्श नीट कळतो, अशा जागी ते बहुधा लावतात.

घरी करताना :

१. पाय धुऊन कोरडा करा. घामेजल्या किंवा तेल लावलेल्या पायावर पॅड नीट चिकटत नाही आणि एकाच ठिकाणी करंट जास्त बसतो.

२. मशीन बंद असतानाच पॅड लावा आणि काढा. चार्जिंगला लावलेलं मशीन अंगाला जोडू नका.

३. नेहमीच्या प्रकारात वेग ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. करंट हळूहळू वाढवा. जोरदार पण सहन होईल अशी झिणझिण हवी. दुखलं किंवा स्नायू उडू लागला की कमी करा.

४. सुरुवातीला १५ ते २० मिनिटं. सोसलं तर ३० मिनिटं, दिवसातून एक-दोन वेळा.

५. नंतर कातडी बघा. थोडी लाली तासाभरात जाते. फोड, डाग, जळजळ राहिली तर बंद करा.

६. वहीत लिहा. लावण्याआधी, लगेच नंतर आणि दोन तासांनी दुखणं ० ते १० मध्ये किती? रात्री झोप किती लागली?

चार आठवड्यांनी वही बघा. दुखणं सातवरून पाचवर आलं, झोप सुधारली, तर मशीन कामाचं आहे. आकडे तिथेच असतील तर महागडं दुसरं मशीन घेण्यात अर्थ नाही. मशीनने बरं वाटलं तरी शुगरचं औषध किंवा प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

घेताना काय बघायचं?

वैद्यकीय उपकरणं आता देशात औषध कायद्याखाली येतात. म्हणून खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक बघा. पक्कं बिल घ्या. परत करण्याची मुदत विचारा. पॅड झिजतात आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, तो खर्चही धरा. ‘न्यूरोपॅथी मुळापासून बरी’ असं लिहिलेलं असेल, तर तो दावा खरा नाही एवढं लक्षात ठेवा.

थेट दवाखाना कधी?

पायावर जखम, काळेपणा, वास, सूज असेल किंवा एकच पाय गरम-लाल झाला असेल तर त्याच दिवशी दाखवा. पायांतली ताकद काही तासांत किंवा दिवसांत जाऊन अशक्तपणा वर चढत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्या गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण वाढले होते, त्याचीही सुरुवात अशीच होते. लघवी-शौचावरचा ताबा जाणं हीसुद्धा तातडीचीच बाब.

सुरतेत कुठे जायचं, काय सांगायचं?

मजुरा गेटजवळचं न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि उमरवाड्यातलं महापालिकेचं स्मीमेर, ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. दोन्हींत मेडिसिन आणि फिजिओथेरपी मिळते. तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासून मिळतं.

नव्याने सुरतेला आलेल्यांची भाषेमुळे अडचण होते. मुंग्या येतात हे गुजरातीत ‘खाली चडे छे’, झिणझिण्या म्हणजे ‘झणझणाटी’, बधिर झालं म्हणजे ‘बहेर मारी गयुं’ आणि आग होते म्हणजे ‘बळतरा थाय छे’. दुखतं आणि बधिर आहे, हे दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं ‘पाय दुखतात’ म्हटलं तर दुखण्याची गोळी मिळते आणि पायाची तपासणी राहून जाते. गावी आणि सुरतेत आलटूनपालटून राहणाऱ्यांनी रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवावी. त्यामुळे नंदुरबारच्या डॉक्टरांना सुरतेत काय झालं ते कळतं आणि तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

मशीन घ्या किंवा घेऊ नका, रोज झोपण्याआधी तळपाय बघायची सवय मात्र लावा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. खात्यात आणि अंगणात अनवाणी फिरू नका, चप्पल घालण्याआधी आत खडा तर नाही ना ते बघा. याला पैसे लागत नाहीत आणि बधिर पाय वाचवण्यासाठी याहून मोठा उपाय घरात दुसरा नाही.