घरी मराठी, कागदावर हिंदी : दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुलांना दोन भाषा आपोआप येतात. आजीशी मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी. पण एखादे मूल उशिरा बोलू लागले किंवा त्याला स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम असल्याचे कळले, की पालकांना बहुधा पहिला सल्ला मिळतो : "दोन भाषांनी मूल गोंधळेल, घरी फक्त हिंदी बोला." हा सल्ला पाळण्याआधी आणि सरकारी कागदपत्रांसाठी धावपळ सुरू करण्याआधी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात अशा गोष्टी आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मराठी बंद करू नका

दोन भाषांमुळे बोलणे अडते, हा समज अभ्यासात टिकलेला नाही. कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. दोन भाषांत वाढणारी मुले त्यांच्याच बौद्धिक पातळीच्या एकभाषिक मुलांपेक्षा इंग्रजीत मागे नव्हती. स्वमग्न मुलांच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेने नुकसान झाल्याचे दिसलेले नाही.

मराठी बंद केली, तर मात्र तोटा नक्की होतो. घरात आजी-आजोबा, आत्या, काका मराठीतच बोलणार. आईने एकटीने हिंदी धरली, तर जेवणाच्या पंगतीत, सणावारी, गप्पांत ते मूल बाहेरचे ठरते. ज्याला आधीच माणसे जोडणे कठीण जाते, त्याची घरातली माणसेही तुटतात. म्हणून उपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे : "घरची भाषा मराठी आहे. मुलाची तपासणी करताना दोन्ही भाषांतले शब्द मोजा." दहा शब्द मराठीत आणि आठ हिंदीत येणाऱ्या मुलाची फक्त हिंदी तपासली, तर ते आहे त्यापेक्षा मागे दिसते.

अंध मुलांच्या बाबतीत एक सोय मुळातच आहे. भारती ब्रेलमध्ये देवनागरी अक्षरांची चिन्हे मराठी आणि हिंदीला सारखीच असल्याने हिंदी ब्रेल शिकलेले मूल मराठीही वाचू लागते. कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषा आहे. ती हिंदीही नाही, मराठीही नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा शब्दकोश तयार केला आहे. ती मुलाबरोबर घरातल्या सगळ्यांनी शिकावी, आजीनेही.

कागदावरचे शब्द

आपण घरी वापरतो ते शब्द कचेरीत किंवा दवाखान्यात तसेच चालतील असे नाही.

• स्वमग्नता : हिंदी कागदांवर "स्वलीनता" किंवा "स्वपरायणता"
• मेंदूचा पक्षाघात : "प्रमस्तिष्क घात"
• कर्णबधिर : "श्रवण बाधित"
• आकडी : बोलण्यात "दौरा" किंवा "झटके"

मराठीत "दौरा" म्हणजे प्रवास. "शिक्षा" हा शब्दही हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. मराठीतच वाढलेल्या आजीला डॉक्टरांचे बोलणे समजावताना हे ध्यानात ठेवावे. एक वही करावी : डाव्या पानावर मराठीत मुलाच्या सवयी, औषधे, आकडी कधी व किती वेळ आली, उजव्या पानावर तेच हिंदीत. मुलाबरोबर कोणीही गेले, तरी वही बोलते.

हक्क आणि कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता मोजल्या आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांगतेमुळे भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी "स्वावलंबन कार्ड" या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. नंतर रुग्णालयात तपासणी होते. आधार, जन्मदाखला, शाळेचे कागद आणि अर्ज यांतील नावाचे स्पेलिंग एकच ठेवा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि ते एका कागदावर असून दुसऱ्यावर नसले, की फेऱ्या वाढतात.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ लागू होतो. त्याच्या "निरामय" योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. शिवाय, मूल १८ वर्षांचे झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. "आमच्यानंतर याचे काय?" ही काळजी ज्या घरांत आहे, त्यांनी हा अर्ज पुढे ढकलू नये.

एकमेकांसाठी

पालकांचाही धीर सुटतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. पण शेजारच्या आधाराची जागा कोणताही क्रमांक घेत नाही. कचेरीतली हिंदी ज्यांना सहज येते, अशा निवृत्त सभासदांनी एखाद्या कुटुंबाबरोबर एक फेरी करावी. आणि गणेशोत्सवात, हळदीकुंकवात अशा मुलाला घेऊन येणाऱ्या आईला आपण जागा करून द्यावी, मुलाशी मराठीत बोलावे. त्याने उत्तर दिले नाही, तरी बोलावे.