रुजू

सिहोऱ्यातल्या एका कचेरीत मी 26 वर्षे काढली. सकाळी जबलपूरहून गाडीने सिहोरा रोड, संध्याकाळी उलट. सुरुवातीची काही वर्षे काम आवडत होते. मग कधीतरी लक्षात आले की आपण कागद निकाली काढत नाही, या टेबलावरून त्या टेबलावर पोचवतो. गेल्या आठवड्यात बडे बाबूंनी सांगितले, सोमवारी रीव्याकडची एक मुलगी रुजू होते आहे, तिला काम तुम्ही समजावून द्या. ज्या कामातून आपलेच मन उडाले ते दुसऱ्याला काय समजावायचे? दोन रात्री हाच विचार होता. त्यात आजोबा आठवले, आणि 1956 साल.

आमचे घराणे मराठी, पण तीन पिढ्या जबलपूरचे. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून जबलपूर जिल्ह्याची राजधानी नागपूर, त्यामुळे आजोबांची कारकुनी नागपुरात. तिथे दोन्ही भाषा नांदत होत्या. 1950 च्या कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा झाल्या. डॉ. रघुवीरांनी इंग्रजीला घडवलेले जडजड संस्कृत प्रतिशब्द दोन्हीकडच्या कारकुनांना सारखेच अवघड वाटत. निदान त्या बाबतीत एकी होती, असे आजोबा म्हणत.

1 नोव्हेंबर 1956 ला ते राज्य मोडले. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि राजस्थानातला सिरोंज मिळून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला. नकाशाची ही हकिकत पुस्तकांत सापडते. माणसांची वाटणी कशी झाली ते फारसे कोणी लिहीत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याचे 115 वे कलम त्याबद्दल होते. केंद्राने दुसरीकडे पाठवण्याचा आदेश काढला नाही, तर जुन्या मध्य प्रदेशचा कर्मचारी तूर्त नव्या मध्य प्रदेशचा. आजोबांची भाषा नागपूरकडे ओढत होती, पत्ता जबलपूरचा होता. ते भोपाळला गेले.

नव्या सहकाऱ्यांचे स्वागत हा जुन्यांचा मान असतो. इथे जुने कोण? ग्वाल्हेर-इंदूरकडचे, रीव्याकडचे, नागपूरहून आलेले, सगळेच आपापल्या ट्रंका घेऊन आलेले. भोपाळवाले तेवढे घरचे, पण त्यांचेही राज्य गेलेच होते. पहिल्या दिवशी चहा झाला, नावे सांगून झाली. त्यानंतर रीव्याच्या एका बाबूने आजोबांना विचारले, ‘पंडितजी, आप कब से हैं?’ हा प्रश्न ओळखीचा नव्हता. सगळ्यांची मिळून एकच ज्येष्ठता यादी होणार होती, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपल्या वर लागतो की खाली, हे त्या उत्तरावर ठरणार होते.

पदांची नावे वेगळी, वेतनश्रेणी वेगळ्या. तेव्हा कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे धरायचे? मुख्य सचिवांच्या परिषदेत चार कसोट्या ठरल्या होत्या: कामाचे स्वरूप, जबाबदारी आणि अधिकार, किमान पात्रता, पगार. कागदावर याहून न्याय्य काही सुचत नाही. पण तात्पुरती यादी, हरकती, पुन्हा यादी, अर्ज, यात माणसांची उमेदीची वर्षे गेली. जुन्या मध्य प्रदेशातून पलीकडे मुंबई राज्यात गेलेल्यांचीही तीच गत. तिथल्या ज्येष्ठतेचा वाद 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयात होता, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर. तोवर कित्येक जण पेन्शनीत निघून गेले असतील. आजोबांचे मन कामातून उडाले ते कामाच्या ओझ्याने नव्हे. रोज ज्याच्या डब्यातले लोणचे खायचे, त्याच्याविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहावा लागला, त्याने उडाले. तो अर्ज मंजूर झाला, हे ते सांगताना कधी हसत नसत.

रविवारी मी रूपनाथला जाऊन आलो. बहोरीबंदजवळचे हे ठिकाण पूर्वी सिहोरा तहसिलीतच होते. 1998 मध्ये कटनी जिल्हा वेगळा झाला आणि आता ते तिकडे आहे. एकावर एक तीन कुंडे आहेत आणि खालच्या कुंडाच्या काठच्या धोंड्यावर अशोकाचा लघुशिलालेख आहे. लोक तो धर्मलेख म्हणून पाहतात, मला तो परिपत्रकासारखा दिसतो. मजकूर खडकांवर आणि स्तंभांवर कोरावा, तुमचा जिल्हा जिथवर आहे तिथवर सगळीकडे पोचवावा, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. 256 रात्री दौऱ्यावर काढल्या, असा शेवटच्या आकड्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात (भत्त्याचा उल्लेख नाही). पण मला आवडते ते सुरुवातीचे. उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला तरी आपण फारसे झटलो नव्हतो, असे राजा त्यात कबूल करतो. मग वर्षभर संघाच्या सहवासात राहिला आणि जोमाने लागला. इतक्या कचेऱ्या पाहिल्या, पण पहिली काही वर्षे मी नीट काम केले नाही असे वरिष्ठाच्या सहीने निघालेले दुसरे पत्रक माझ्या पाहण्यात नाही.

सोमवारी मुलगी वेळेच्या आधी आली. रुजू अहवालाचा कागद पुढे केला. रुजू हा शब्द अरबीतला, तिकडे त्याचा अर्थ परतणे, वळणे. हिंदीत इथे ‘कार्यभार ग्रहण’ म्हणतात. त्यात भार आधी येतो. सही झाल्यावर तिने हळूच विचारले, ‘सर, पदक्रम सूची में मेरा नाम कहाँ आएगा?’

सत्तर वर्षांनी तोच प्रश्न, आणि तोही रीव्याचाच. मी म्हणालो, ते वर्षभरात कळेल. आधी ही खिडकीजवळची खुर्ची घे, त्या दुसरीचा पाय डुगडुगतो. परतीची गाडी कधी चुकवायची नाही तेही सांगितले. दुपारी तिने डबा उघडला. त्यात लोणचे होते.